‘पाव कमी खा’ : एका प्रचाराची कथा

माझी आजी बेळगावात शिक्षिका होती. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी सोमवारची रात्र ठरली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. परदेशातून येणाऱ्या गव्हावर देशाची मोठी भिस्त होती आणि त्या गव्हाबरोबर येणारा मिंधेपणा पुष्कळांना सलत होता. आजीला बोलण्याची हातोटी होती. तेव्हा आसपासच्या वस्त्यांतील बायकांपुढे हा विषय मांडण्याचे काम साहजिकच तिच्याकडे आले. अशाच एका सभेत तिने अर्धा तास भाषण केले, सीमेवरच्या जवानांचे दाखले दिले आणि शेवटी, ‘सोमवारी रात्री चूल पेटवणार नाही असा संकल्प करा,’ असे सांगून ती खाली बसणार, एवढ्यात मागल्या बाजूची एक स्त्री उठून म्हणाली, ‘बाई, आमची चूल सोमवारी पेटत नाहीच, बुधवारी पण कधी कधी पेटत नाही. त्यातला एखादा वार देशाच्या नावानं लिहून घ्या की!’

सभेत हशा पिकला. ही गोष्ट सांगताना आजी स्वतःही हसत असे. मात्र, ‘त्यानंतरचे वाक्य मला सुचले नाही,’ असेही ती दर वेळी न चुकता सांगे.

युद्धकाळात ‘अन्न जपून वापरा’ असे सांगत गावोगाव हिंडलेल्या स्त्रियांविषयी मी आज बोलणार आहे. त्यासाठी मी आपणांस १९१७ सालच्या इंग्लंडात नेते. आजीची एका सभेत जी अडचण झाली, ती तेथे एका सबंध सरकारी खात्याची झाली होती. आणि त्या खात्याच्या वतीने बोलण्याचे काम ज्या दोन स्त्रियांकडे आले होते, त्यांपैकी एकीला ही अडचण फार आधीपासून ठाऊक होती.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटन आपल्याला लागणाऱ्या गव्हाचा सुमारे चार-पंचमांश भाग समुद्रापलीकडून आणीत असे. साखरेचे तर आणखीच विचित्र होते. तिच्यातील बहुतेक भाग जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी ह्या देशांतून येई, आणि आता त्यांच्याशीच युद्ध जुंपले होते. तरीही पहिली अडीच वर्षे सरकारने अन्नाच्या बाबतीत फारसा हस्तक्षेप केला नाही. व्यापार आपले पाहून घेईल, असा भरवसा होता. पुढे १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी समोर दिसेल ते जहाज बुडवण्याचे धोरण पत्करले. एकट्या एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक क्षमतेची जहाजे समुद्राच्या तळाशी गेली, आणि बेटावर राहणाऱ्या त्या राष्ट्राच्या ध्यानात आले की आपली पावाची टोपली पाण्यावर तरंगते आहे.

अन्ननियंत्रक म्हणून नेमले गेलेले लॉर्ड डेव्हनपोर्ट हे मूळचे वाणसामानाचे मोठे व्यापारी. देशभर पसरलेल्या एका दुकानसाखळीचे ते संस्थापक होते. त्यांनी फेब्रुवारी १९१७ मध्ये एक प्रमाण जाहीर केले : दर माणशी दर आठवड्याला चार रत्तल पाव, अडीच रत्तल मांस आणि पाऊण रत्तल साखर. रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगून ठेवते. ह्या प्रमाणाला कायद्याची सक्ती नव्हती. ते लोकांनी आपल्या अब्रूवर पाळायचे होते. ते पाळणाऱ्या घरांना खिडकीत लावण्यासाठी छापील पत्रके वाटण्यात आली. पाव भाजून बारा तास झाल्याशिवाय विकू नये, असाही हुकूम निघाला. ताजा पाव लुसलुशीत असतो म्हणून जास्त खाल्ला जातो आणि त्याचे पातळ काप पडत नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब. मे महिन्याच्या २ तारखेला खुद्द राजा पाचवा जॉर्ज याच्या नावाने जाहीरनामा निघाला, की प्रत्येक कुटुंबाने पावाचा नेहमीचा वापर निदान एक-चतुर्थांशाने कमी करावा. तो लागोपाठ चार रविवार चर्चमधून वाचून दाखवला जावयाचा होता. लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये बसत आल्यामुळे मला एवढे माहीत आहे, की एकच गोष्ट चार आठवडे ऐकली म्हणजे पहिल्या आठवड्यात मन ऐकते, दुसऱ्या आठवड्यात कान ऐकतात आणि पुढे शेजारच्या बाकावर कोण आले आहे, इकडे लक्ष जाते.

पाव कमी खाण्याचे हे आवाहन कोणाच्या कानी जावयाचे होते? अर्थात स्वयंपाकघराच्या धनिणीच्या. म्हणून ते सांगण्यास स्त्रिया हव्या होत्या. नुसते लिहिणाऱ्या नव्हे, भरसभेत उभे राहून बोलणाऱ्या. आज हे वाक्य आपण सहज ऐकून जातो. परंतु त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. शेकडो माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे हे छातीचे, श्वासाचे आणि सरावाचे काम होते. इंग्लंडात असा सराव असलेल्या स्त्रिया त्या वेळी मोठ्या संख्येने तयार होत्या, आणि त्या कशा तयार झाल्या ही एक गंमतच आहे. मताधिकाराच्या चळवळीने त्यांना घडवले होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर खोक्यावर उभे राहून, भाजीच्या गाडीवर चढून, आरडाओरडा आणि हुर्रेवडी सोसत त्या वर्षानुवर्षे बोलत आल्या होत्या. चळवळीतील संस्थांनी नव्या वक्त्यांसाठी भाषणाचे वर्गही चालवले होते. युद्धापूर्वी ज्या सरकारने अशा कित्येक स्त्रियांना तुरुंगात टाकले, त्याच सरकारला आता बोलणाऱ्या स्त्रीची गरज भासू लागली. आणि तीही त्या स्त्रीच्या हाती मताचा अधिकार नसताना. शाळेत मुलींना वक्तृत्वस्पर्धेसाठी तयार करताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. ज्या आवाजाला गप्प करावयाचे, तोच पुढे उसना मागावा लागतो.

१९१७ साली अन्नखात्याच्या स्त्रियांविषयक कामाच्या प्रमुख म्हणून दोन स्त्रियांना जोडीने नेमण्यात आले : डॉरथी पील आणि मॉड पेंबर रीव्ह्ज. दोघीही मध्यमवयीन, दोघीही लेखिका, दोघीही सुस्थितीतील. मात्र दोघींनी ज्या स्वयंपाकघरांवर लिहिले, ती स्वयंपाकघरे एकमेकांपासून फार दूर होती.

श्रीमती पील ह्या गृहव्यवस्था आणि पाककला ह्या विषयांवरच्या जाणकार लेखिका. नोकरचाकर असलेल्या मध्यमवर्गीय गृहिणीने हिशेबीपणे घर कसे चालवावे, हा त्यांचा हातखंडा विषय. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच मुळी ‘स्वयंपाकखर्चाला दर माणशी दहा शिलिंग’ अशा अर्थाचे आहे. आठवड्याला एका माणसामागे दहा शिलिंगांत चांगले जेवण कसे राखावे, हे त्यात सांगितलेले आहे, आणि ते ज्यांच्यासाठी सांगितले त्यांच्या दृष्टीने ही काटकसरच होती.

श्रीमती रीव्ह्ज ह्यांची वाट निराळी. त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातला, तारुण्य न्यूझीलंडात गेले, आणि त्या देशाने १८९३ साली स्त्रियांना मत दिले, त्या चळवळीच्या वातावरणात त्या वाढल्या. पतीच्या कामानिमित्त लंडनला आल्यावर फेबियन समाजवाद्यांच्या स्त्रीगटात त्या काम करू लागल्या. ह्या गटाने १९०९ पासून चार वर्षे थेम्स नदीच्या दक्षिण काठावरील लॅम्बेथ ह्या वस्तीत चाळीसएक कामकरी कुटुंबांचा अभ्यास केला. अगदी भिकेला लागलेली कुटुंबे मुद्दाम घेतली नाहीत. नवरा कामावर आहे, पगार घरी आणतो, दारूत उडवीत नाही, अशी कुटुंबे निवडली. त्यांची मिळकत आठवड्याला साधारण एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग, किंवा थोडी इकडे तिकडे. गटातील स्त्रिया आठवड्याच्या आठवड्याला घरोघर जात आणि आईकडून पैशापैशाचा हिशेब घेत. काही आयांना लिहिता येत नव्हते. त्यांचा हिशेब कधी नवऱ्याने तर कधी शाळेत जाणाऱ्या मुलाने मांडावा. ह्या अभ्यासाचे पुस्तक १९१३ साली निघाले, आणि त्याच्या नावातही पैशाचाच आकडा आहे : ‘आठवड्याला सुमारे एक पौंड’.

ह्या वीस शिलिंगांतून सात-आठ शिलिंग भाड्याला जात. मग कोळसा, गॅस, साबण, आणि मुलांच्या अंत्यविधीच्या विम्याचे काही पेन्स. हा शेवटचा खर्च ऐकून कोणालाही वाटावे की एवढ्या गरिबीत हे कशाला! परंतु लेकरू गेले तर त्याला सरकारी खर्चाने बेवारशासारखे पुरावे लागू नये, म्हणून त्या आया पोटाला चिमटा घेऊन हे पैसे भरत. उरलेल्या आठ-दहा शिलिंगांत सबंध कुटुंबाचे सात दिवसांचे जेवण. म्हणजे एका लेखिकेने एका माणसाच्या अन्नखर्चाला काटकसर म्हणून जो आकडा धरला, तोच आकडा दुसरीने पाहिलेल्या घरांत आईबाप आणि चारपाच मुलांना मिळून पुरवावा लागत होता. श्रोतेहो, हे दोन आकडे घेऊन दोन बायका एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसल्या, आणि तेथून देशाला ‘पाव कमी खा’ असे सांगायला निघाल्या!

लॅम्बेथमधील त्या घरांत पाव हाच मुख्य आहार होता. आपल्याकडे भाकरी म्हणावी तसा. मांसाचा तुकडा आणला तर तो मिळवत्या बापाच्या ताटात पडे, कारण तो खाली बसला तर सारेच बसले. आई आणि मुले पावावर मार्गारीन किंवा चरबी माखून चहाबरोबर खात. पावाचे गुण श्रीमती रीव्ह्ज यांनी एखाद्या वकिलाने मांडावेत तसे मांडले आहेत : तो स्वस्त आहे, शिजवावा लागत नाही, त्याला ताटवाटी लागत नाही, पोराच्या हातात दिला की त्याला बाहेर खेळता येते, आणि तो पोट भरतो.

‘हे लोक ओटची लापशी का खात नाहीत?’ असा प्रश्न त्या काळचे सुखवस्तू हितचिंतक हटकून विचारीत. लापशी पावाहून पौष्टिक आणि स्वस्त, मग पाव हवाच कशाला? श्रीमती रीव्ह्ज यांचे ह्यावरचे उत्तर मला सबंध पुस्तकातील सर्वांत मोलाचे वाटते. आळस किंवा अज्ञान हे कारण नव्हे. लापशीला दूध हवे, साखर हवी; ती घरात नाहीत. ती मंद आचेवर पुष्कळ वेळ ढवळत शिजवावी लागते. गॅसच्या मीटरमध्ये तर एकेक पेनी टाकावी लागते आणि ती संपली की ज्योत विझते. शिवाय घरात भांडे बहुधा एकच, आणि तेही जुने, बुडाला लागलेले. त्यातच मासळी, त्यातच रस्सा. त्या भांड्यातली बिनदुधाची, बिनसाखरेची, करपट वासाची लापशी मुलापुढे ठेवली तर ते तोंड फिरवील, नवरा ताट सारील, आणि हाती धरून ठेवलेली ती पेनी वाया जाईल ती वेगळीच. त्या आईने हा सारा हिशेब केलेला असतो. फक्त तो मांडून दाखवण्यास तिला व्यासपीठ नसते.

आता कल्पना करा, की अशा आयांच्या सभेपुढे उभे राहून ‘पावाऐवजी ओट, डाळी, भाज्या वापरा’ असे सांगावयाचे आहे. सांगणे खोटे नव्हे. गव्हाची जहाजे खरोखरच बुडत होती. तरीही ते ऐकणारीच्या तोंडचा घास काढून घेणारे होते. चार रत्तलांचे ते प्रमाणच पाहा. ज्याच्या ताटात मासे, अंडी, भाजी, फळे आहेत, त्याला आठवड्याला चार रत्तल पाव पुरून उरतो. गोदीत ओझी वाहणाऱ्याला किंवा शेतात राबणाऱ्याला तो आठवड्याच्या मध्यावरच संपलेला दिसेल. उलट, मांसाचे अडीच रत्तल आणि साखरेचे पाऊण रत्तल हे आकडे त्याच माणसाच्या कुटुंबाला स्वप्नवत होते! ज्या गोष्टी त्याला कधी मिळतच नव्हत्या त्यांत सरकारने त्याला उदार सूट दिली होती, आणि जिच्यावर तो जगत होता तिच्यात कपात सुचवली होती. प्रमाण एकच, म्हणून ते सर्वांना समान, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. वर्गात पन्नास मुलांना एकच मापाचा गणवेश वाटून पाहावा म्हणजे त्यातील समता कळते.

श्रीमती पील देशभर हिंडून सभांतून बोलत होत्या. हे बोलणे दोन तऱ्हेच्या श्रोत्यांपुढे होते, आणि दोन्हींपुढे एकच भाषण चालणारे नव्हते. पैसेवाल्या घरांना सांगण्यासारखे स्पष्ट होते : तुम्हांला इतर अन्न परवडते, ते महाग पडले तरी घ्या, आणि पाव ज्यांना दुसरे काही नाही त्यांच्यासाठी राहू द्या. असे सांगणे न्याय्य होते आणि पुढे प्रचाराचा रोखही तिकडेच वळत गेला. गरीब वस्त्यांत मात्र भाषणाचे मोल उतरून हाताच्या कामाचे वाढले. व्याख्यानाबरोबर चूल आणि पातेले आले. सांगण्याऐवजी करून दाखवणे आले. गवताची पेटी ही त्या काळातील एक युक्ती. अन्नाला चुलीवर एक उकळी आणावयाची आणि ते झाकलेले पातेले गवताने गच्च भरलेल्या खोक्यात ठेवून द्यावयाचे. आतल्या उष्णतेवर ते काही तासांनी शिजून निघते. गॅसची पेनी वाचते, आणि आईला ढवळत उभे राहावे लागत नाही. लापशीच्या आड येणाऱ्या अडचणींपैकी निदान दोन ह्या पेटीने दूर होत. एकच भांडे असण्यावर मात्र तिच्याकडे उपाय नव्हता.

त्यावर उपाय म्हणून सार्वजनिक स्वयंपाकघरे निघाली. लंडनच्या पूर्व भागात सिल्विया पँकहर्स्ट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट १९१४ मध्ये, लागत किमतीत जेवण देणारे उपाहारगृह उघडले होते. सरकारला तेथपर्यंत यायला पावणेतीन वर्षे लागली. २१ मे १९१७ रोजी राणी मेरीच्या हस्ते पहिले सरकारी स्वयंपाकघर सुरू झाले ते वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर, म्हणजे नेमके लॅम्बेथमध्ये. लोकांनी आपापली भांडी घेऊन यावे, पैसे द्यावेत आणि शिजलेले गरम अन्न घरी न्यावे, अशी तेथील पद्धत होती. पुढे देशभर अशी शेकडो स्वयंपाकघरे निघाली. हॅलिफॅक्स शहरात तर एका ट्रामच्या डब्यातच स्वयंपाकघर थाटले गेले. ज्या घरात लापशीला भांडे नव्हते, त्या घराने आता भांडे घेऊन नुसते रांगेत उभे राहायचे होते.

एवढे होऊनही रांगेत उभे राहण्याचा प्रश्न उरलाच. १९१७ च्या उन्हाळ्यात कामगारांत असंतोष का पसरला आहे, ह्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमले. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून उत्तर आले ते अन्नाच्या चढ्या किमतींचे आणि नफेखोरीचे. लोक कमी खायला तयार नव्हते असे नाही. शेजारचा जास्त खातो आहे आणि दुकानदार मागच्या दाराने विकतो आहे, हे त्यांना सोसत नव्हते. जूनमध्ये लॉर्ड डेव्हनपोर्ट यांच्या जागी लॉर्ड ऱ्होंडा आले. त्यांच्या काळात, सप्टेंबरपासून, सरकारने पदरचे पैसे घालून चार रत्तलांच्या पावाची किंमत एक शिलिंगावरून नऊ पेन्सांवर आणली. नोव्हेंबरमध्ये ऐच्छिक प्रमाणाचा नवा तक्ता निघाला. तो पाहताना मला लॅम्बेथच्या त्या आया आठवतात. कारण आता जड काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला आठ रत्तल पाव धरला होता आणि बैठे काम करणाऱ्याला साडेचार. राबणारे शरीर आणि खुर्चीत बसणारे शरीर ह्यांतला फरक अखेर सरकारी कागदावर उतरला. ह्या बदलाचे श्रेय एका-दोन व्यक्तींना देणे धाडसाचे होईल. त्यामागे संप होते, मजूर पक्ष होता, सहकारी भांडारे होती. मात्र श्रीमती रीव्ह्ज यांनी चार वर्षांपूर्वी पुस्तकात लिहिलेलेच राज्यकर्त्यांना आता उमगत होते, एवढे निश्चित.

त्या हिवाळ्यात मार्गारीन, चहा आणि मांस ह्यांसाठी दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. अंगावर पोर घेऊन बायका तासन् तास थंडीत उभ्या राहत, आणि काही ठिकाणी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील पुरुष काम सोडून बायकोच्या जागी रांगेत येऊन उभे राहिले. तेव्हा मात्र सरकारने आवाहनाचा मार्ग सोडला. १९१८ च्या आरंभी साखरेचे रेशनिंग सुरू झाले, माणशी आठवड्याला आठ औंस. २५ फेब्रुवारीपासून लंडन आणि भोवतालच्या परगण्यांत मांस, लोणी आणि मार्गारीन कार्डावर आले, आणि काही महिन्यांत ही पद्धत देशभर पोहोचली. राजवाड्यालाही रेशनकार्डे मिळाली. रांगा पाहता पाहता ओसरल्या. आणि विशेष म्हणजे, पावाचे रेशनिंग त्या युद्धात झालेच नाही. ज्या वस्तूसाठी एवढी भाषणे झाली, एवढी पत्रके खिडक्यांत लागली, ती शेवटपर्यंत मोकळी ठेवण्यात आली.

त्याच सुमारास अन्नखात्याला सल्ला देण्यासाठी ग्राहकांचे एक मंडळ स्थापन झाले. त्यात कामगारांच्या आणि सहकारी संस्थांच्या प्रतिनिधींबरोबर मॅरियन फिलिप्स यांच्यासारख्या स्त्रियाही बसल्या. पूर्वी खाते बोलत असे आणि स्त्रिया ऐकत असत. ह्या खोलीत निदान काही वेळ उलटा क्रम सुरू झाला. ६ फेब्रुवारी १९१८ रोजी तीस वर्षांवरील, घरपट्टीच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना पार्लमेंटचे मत मिळाले. ते अन्नबचतीचे बक्षीस होते, असे कोणी म्हणते तेव्हा मला ते जरा जास्तच गोड वाटते. कारखान्यांत राबलेल्या विशीतल्या पोरींना ते मिळाले नाही, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतही त्याच सुमारास हा प्रयोग झाला, आणि तेथे तो अधिक यशस्वी झाला असे म्हणतात. हर्बर्ट हूवर यांनी सोमवार आणि बुधवार बिनगव्हाचे, मंगळवार बिनमांसाचा, असे वार ठरवून दिले. मताधिकाराच्या जुन्या लढवय्या डॉ. ॲना हॉवर्ड शॉ यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची राष्ट्रीय समिती काम करीत होती. आणि स्वयंसेविका दारोदार जाऊन गृहिणींच्या सह्या घेत होत्या. परंतु तो देश धान्य पिकवणारा आणि निर्यात करणारा. भरल्या ताटातून घास बाजूला काढणे आणि रिकाम्या ताटातून काढणे ह्यांना एकच नाव देणे मला पटत नाही.

पुढच्या महायुद्धात इंग्रजांनी क्रम बदलला. ८ जानेवारी १९४० रोजी रेशनिंग आधी आले, आणि त्यानंतर, त्याच वर्षीच्या जूनपासून, रेडिओवर रोज सकाळी पाच मिनिटांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. गर्ट आणि डेझी ह्या दोन विनोदी बायकांची सोंगे आणणाऱ्या एल्सी आणि डोरिस वॉटर्स ह्या बहिणी त्यात येत, कामकरी वस्तीतल्या बोलीत एकमेकींना टोमणे मारीत आणि जाता जाता बटाट्याचा एखादा पदार्थ सांगून जात. ताटातला वाटा सर्वांना मिळतो आहे ही खात्री असल्यामुळेच, त्या वाट्याचे काय करावे हे ऐकायला लोक हसत बसत असावेत, असे मला वाटते.

श्रीमती पील युद्धानंतरही लिहीत राहिल्या. त्या दिवसांच्या घरगुती जीवनाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९२९ साली निघाले आणि अभ्यासक आजही ते उघडतात. श्रीमती रीव्ह्ज ह्यांचा एकुलता एक मुलगा वैमानिक होता. आई अन्नखात्याचे काम करीत असताना, त्याच १९१७ साली, तो युद्धात मारला गेला. त्यानंतर त्यांचे नाव सार्वजनिक कामातून हळूहळू मागे पडत गेले.

आता आजीच्या सभेकडे एकदा परत येते, कारण तिची गोष्ट अर्धीच सांगितली. सभा संपल्यावर आजी त्या स्त्रीला शोधत तिच्या घरी गेली. चौकशीत कळले ते असे, की तिचे रास्त भावाच्या धान्याचे कार्ड सासरच्या गावच्या पत्त्यावर होते. नवरा कामासाठी शहरात आला, ती त्याच्या मागून आली, आणि कार्ड सासूकडे राहिले. त्यामुळे शहरातल्या दुकानात तिच्या नावावर दाणाही मिळत नव्हता, आणि बाजारभावाने विकत घेण्याची ऐपत नव्हती. ते नाव गावातून काढून शहरात लावून घ्यायला आजीला चार महिने अर्ज लिहावे लागले. एका कचेरीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने पहिलीकडे. अखेर नवे कार्ड हाती आले, तेव्हा ती स्त्री ते घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मधली सुट्टी होती. आजी बाहेर आली तशी ती म्हणाली, ‘बाई, आता सांगा, सोमवारी काय करायचं म्हणत होता तुम्ही?’